प्लेगची साथ आणि मुंबईतील कामगार

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई शहरात उद्‌भवलेली ग्रंथिक प्लेगची साथ, तिच्या निवारणार्थ योजलेले उपाय आणि त्यांविषयी कामगारवर्गाने व सर्वसाधारण जनतेने घेतलेला पवित्रा यांचा इतिहास. चीनच्या युनान प्रांतातून पसरत गेलेली ही साथ १८९४ मध्ये हाँगकाँग येथे पोहोचली. त्याच वर्षी तेथे आलेक्सांद्र येर्सँ या शास्त्रज्ञाने प्लेगच्या जंतूचा शोध लावला. पुढे ती सागरी व्यापाराच्या मार्गांनी जगातील अनेक बंदरांत पसरली, म्हणून तिला प्लेगची तिसरी जागतिक साथ असे म्हणतात. तिचा सर्वांत मोठा आघात भारतावर झाला. पुढील सु. दोन दशकांत भारतात एक कोटीच्या आसपास माणसे प्लेगने मृत्यू पावली. भारतातील या साथीची सुरुवात मुंबईच्या गोदी व धान्यबाजाराच्या परिसरात झाली आणि तिचे सामाजिक परिणाम येथील गिरण्या, गोद्या व चाळी यांतून प्रथम स्पष्ट झाले. साथीच्या काळात कामाच्या जागेची सुरक्षितता म्हणजे काय व ती कोणी कोणाच्या खर्चाने राखावयाची, हा प्रश्न भारतातील एका आधुनिक औद्योगिक शहरापुढे या निमित्ताने इतक्या मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. याच कारणाने या प्रकरणास वैद्यकाच्या इतिहासाप्रमाणेच कामगारांच्या इतिहासातही महत्त्व आहे.

साथीपूर्वीची स्थिती : १८९१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. परळ, भायखळा, चिंचपोकळी, शिवडी इ. भागांतील कापडगिरण्यांत सत्तर हजारांच्या घरात कामगार काम करीत. गोद्या, रेल्वे, गुदामे, हातगाड्या व बैलगाड्या यांवर राबणाऱ्या मजुरांची संख्या वेगळीच होती. गिरणी कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांचा भरणा सर्वांत मोठा असून घाटावरील सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतूनही बरेच लोक आलेले होते. यांपैकी बहुतेकांचे गावाशी असलेले नाते तुटलेले नव्हते. आजारपण, बाळंतपण, म्हातारपण आणि बेकारी या प्रसंगी गावच त्यांचा आधार असे.

कामगाराची नेमणूक, बढती व बडतर्फी मुकादमाच्या हाती असे. पगार महिन्याने होई व तोही पुष्कळदा काही आठवडे तुंबवून ठेवला जाई. मध्येच काम सोडून जाणाऱ्यास या तुंबलेल्या पगारावर पाणी सोडावे लागे. आजारपणातील खाड्याची मजुरी मिळत नसे. कायद्याचे संरक्षणही तुटपुंजे होते. १८९१ च्या कारखाने अधिनियमाने स्त्रियांच्या कामाचे तास ११ व मुलांचे ७ इतके मर्यादित केले होते. प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांवर मात्र १९११ पर्यंत मर्यादा नव्हती. कामगारांची गाऱ्हाणी मांडण्याचे कार्य नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून हाती घेतले होते. त्यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली होती. तथापि संसर्गजन्य रोगाच्या वेळी मालकाची जबाबदारी कोणती, याविषयी कायद्यात वा रूढीत कोणतीही तरतूद नव्हती.

साथीचा प्रारंभ : सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात वैद्यकीय व्यवसाय करणारे डॉ. आकासियु गाब्रिएल व्हीएगश यांनी आपल्या रुग्णांना झालेला ताप हा ग्रंथिक प्लेग असल्याचे निदान केले. गोव्यातील हडफडे येथे जन्मलेले व्हीएगश हे मुंबई महानगरपालिकेचे सदस्य होते. त्यांनी हे निदान पालिकेपुढे निर्भयपणे मांडले. बंदराच्या व्यापाराला धक्का बसेल, या भीतीने ते मान्य करण्यास प्रारंभी पुष्कळांची तयारी नव्हती. मांडवी हे धान्याच्या गुदामांचे केंद्र होते. तेथील गुदामांतून उंदीर मरून पडत असल्याचे लोकांच्या नजरेस आले होते. परंतु उंदराचा व माणसाच्या आजाराचा नेमका संबंध तोपर्यंत कोणास उमगला नव्हता.

रोगाचे मूळ घाण, दूषित हवा व रुग्णाचा सहवास यांत आहे, या तत्कालीन समजुतीस अनुसरून पालिकेने उपाय योजले. समुद्राचे पाणी व कार्बॉलिक अम्ल यांनी गटारे धुण्यात आली. घरांना चुन्याची सफेदी देण्यात आली. अंधाऱ्या खोल्यांत प्रकाश यावा म्हणून छपरांची कौले काढण्यात आली. दूषित ठरविलेल्या घरांतील कपडे व अंथरुणे जाळण्यात आली. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी पालिका आयुक्त पी. सी. एच्‌. स्नो यांनी रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा अधिकार घेणारी अधिसूचना काढली. येथून प्रशासन व जनता यांच्यातील संघर्षास आरंभ झाला.

रुग्णालयाची भीती व गिरणी कामगार : संसर्गजन्य रोगांसाठी असलेले आर्थर रोड रुग्णालय गिरणगावाच्या अगदी लगत होते. तेथे नेलेला मनुष्य सहसा परत येत नाही, हा कामगारांचा अनुभव होता. प्लेगच्या बहुसंख्य रुग्णांना शेवटच्या अवस्थेतच तेथे आणले जात असल्याने मृत्यूचे प्रमाण साहजिकच मोठे होते. रुग्णांना मारून त्यांच्या शरीरापासून मोमियाई काढली जाते, अशा अफवा पसरल्या. ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीस सु. एक हजार गिरणी कामगारांनी या रुग्णालयावर हल्ला केला. त्यानंतर सक्तीच्या स्थलांतराचा आदेश शिथिल करण्यात आला.

आदेश शिथिल करण्यामागे दंग्याची भीती हे एक कारण होते. दुसरे कारण अधिक व्यावहारिक होते. शहराची मैला-सफाई करणारे कामगार (तत्कालीन नोंदींतील हलालखोर) घाबरून निघून गेले, तर शहर राहण्यायोग्य उरणार नाही, याची आयुक्तांना धास्ती वाटत होती. समाजाच्या उतरंडीत अगदी खाली ठेवलेल्या या कामगारांवाचून आरोग्यरक्षणाचा एकही उपाय अंमलात येऊ शकत नव्हता. त्यांच्या सहकार्याची किंमत साथीने अशा रीतीने प्रशासनाच्या ध्यानी आणून दिली. मात्र त्यांच्या स्वतःच्या सुरक्षिततेसाठी वेगळी व्यवस्था करण्याइतकी ती जाणीव पुढे गेली नाही.

अफवांना केवळ अज्ञान म्हणून बाजूला सारणे योग्य ठरणार नाही. रुग्णालयात जाणे म्हणजे कुटुंबापासून ताटातूट, जातिधर्माच्या आचारांचा भंग, मागे राहिलेल्या घराची मोडतोड आणि रोजगाराचा नाश, असा त्याचा प्रत्यक्ष अर्थ होता. अफवांनी या भीतीस शब्दरूप दिले, इतकेच. या निष्कर्षास पुढील अनुभवाने पुष्टी मिळाली. कारण निरनिराळ्या जातिजमातींना आपापली रुग्णालये चालविण्याची मुभा मिळताच रुग्णालयाविषयीचा विरोध बराच कमी झाला.

स्थलांतर व गिरण्यांतील मजुरी : डिसेंबर १८९६ पासून शहरातून लोकांचे लोंढे बाहेर पडू लागले. फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. सु. पावणेचार ते चार लाख लोक निघून गेले असावेत, असा अंदाज आहे. आगबोटींनी कोकणात, आगगाडीने घाटावर व गुजरातेत आणि पुष्कळदा पायी, जसे जमेल तसे लोक गेले. गिरण्यांतील साचे व चात्या थंड पडल्या. अनेक गिरण्या काही काळ बंद ठेवाव्या लागल्या.

या पलायनाकडे प्रशासनाने व मालकांनी घबराट म्हणून पाहिले. त्याची दुसरी बाजूही लक्षात घेण्यासारखी आहे. प्लेग हा मुख्यतः उंदरांवरील पिसवांच्या दंशाने होणारा रोग आहे. उंदीर पडू लागताच घर सोडणे हा त्यावरील परिणामकारक उपाय होय. पुढे खेडोपाडी लोक मेलेले उंदीर दिसताच गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहू लागले आणि कालांतराने सरकारनेही हाच उपाय पुरस्कारिला. अर्थात स्थलांतराने काही अनर्थही ओढवला. माणसांच्या सामानसुमानाबरोबर व त्याहीपेक्षा धान्याच्या वाहतुकीबरोबर रोग पुणे, कराची, सुरत इ. शहरांत व पुढे अंतर्भागात पोहोचला. तथापि शहरात अडकून पडलेल्या कामगारापुढे त्या वेळी याहून अधिक भरवशाचा पर्याय नव्हता.

मजुरांच्या टंचाईमुळे गिरण्यांच्या व्यवहारात एक अपूर्व बदल घडून आला. मागे राहिलेले कामगार महिनाअखेरच्या पगारावर काम करण्यास तयार होईनात. महिना पुरा होण्यापूर्वीच मृत्यू आला किंवा गाव गाठावे लागले, तर केलेल्या कामाचे दाम बुडणार, हे उघड होते. त्यांनी रोजची मजुरी रोज मागितली व अडलेल्या गिरण्यांना ती द्यावी लागली. मजुरीचे दर वाढले. एका गिरणीचे मजूर दुसऱ्या गिरणीने ओढून नेण्याची चढाओढ सुरू झाली आणि रस्त्याच्या नाक्यांवर मजुरांसाठी उघडउघड बोली लागल्याच्या नोंदी आढळतात. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या गिरणीमालक संघाने ही चढाओढ थांबविण्याचे प्रयत्न केले. परंतु सभासदांचे हितसंबंधच परस्परविरोधी असल्याने ते निष्फळ ठरले. साथीचा जोर ओसरल्यावर रोजची मजुरी बंद करून मासिक पगाराची पद्धत पूर्ववत आणताना कामगारांचा विरोध झाला व काही ठिकाणी संपही घडून आले.

रोजच्या मजुरीची मागणी हा वरकरणी मजुरीचा प्रश्न असला, तरी वस्तुतः तो सुरक्षिततेचा प्रश्न होता. हातात रोकड असलेला कामगार धोका दिसताच निघून जाऊ शकत होता. पगार तुंबलेला कामगार जागीच अडकून पडत होता. काही गिरण्यांनी आपल्या कामगारांसाठी झोपड्यांच्या छावण्या उभारल्या आणि लस टोचण्याची सोय केली. मजुराला टिकवून धरण्याची गरज हे त्यामागील मुख्य कारण होते. उत्तर भारतातून, विशेषतः तत्कालीन संयुक्त प्रांतातून, मजुरांची भरती वाढण्यासही या टंचाईने चालना दिली.

साथरोग अधिनियम व सक्तीचे पर्व : मुंबईच्या मालावर परदेशी बंदरांत निर्बंध येऊ लागले होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. या दडपणाखाली ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत करण्यात आला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने साथ आवरण्यासाठी आवश्यक वाटतील ते तात्पुरते नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला. नियम मोडणाऱ्यास भारतीय दंड संहितेच्या १८८ व्या कलमाखाली शिक्षा ठेवली आणि सद्‌भावनेने कार्य करणाऱ्या अधिकाऱ्यांना दाव्यांपासून संरक्षण दिले. ज्यांना विलग केले जाईल त्यांच्या बुडालेल्या मजुरीचा वा मालकाच्या कर्तव्याचा उल्लेख त्यात नव्हता.

मार्च १८९७ मध्ये ब्रिगेडिअर जनरल डब्ल्यू. एफ्‌. गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत प्लेग समिती नेमण्यात आली. घरोघर झडत्या घेणे, रुग्णांना रुग्णालयात व त्यांच्या निकटवर्तीयांना विलगीकरण छावण्यांत नेणे, प्रेतांची तपासणी करणे व रेल्वे स्थानकांवर उतारूंची वैद्यकीय पाहणी करणे, ही तिची कामे होती. स्थानकांवरील स्त्रियांची तपासणी लोकांना विशेष अपमानास्पद वाटली. पुण्यात प्लेग अधिकारी डब्ल्यू. सी. रँड यांच्या कारकिर्दीत गोऱ्या सैनिकांकरवी झालेल्या झडत्यांमुळे असंतोष शिगेस पोहोचला व २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली.

याच काळात लोकसेवेची उदाहरणेही घडली. नारायण मेघाजी लोखंडे हे मुंबईत प्लेगग्रस्तांना साहाय्य करीत असताना स्वतः रोगाला बळी पडले व ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मृत्यू पावले. पुण्याजवळ आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या साहाय्याने रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच निधन झाले. लोकमान्य टिळकांनी पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय काढण्यात पुढाकार घेतला. अंमलबजावणीतील जुलमावर केसरीतून कठोर टीका करीत असतानाही स्वच्छता व विलगीकरण यांची आवश्यकता त्यांनी नाकारली नाही. सुशिक्षित पुढाऱ्यांचा रोख, एकंदरीत, उपायांवर नसून ते राबविण्याच्या पद्धतीवर होता.

९ मार्च १८९८ रोजी मदनपुरा भागात एका जुलाहा (विणकर) कुटुंबातील मुलीला तपासून नेण्याचा प्रयत्न झाल्यावरून दंगल उसळली. पोलिसांनी व सैन्याने गोळीबार केला. त्यानंतर गोदी कामगार व गाडीवाले यांनी काम बंद केले आणि बंदराचा व्यापार काही दिवस ठप्प झाला. एकीकडे रक्तपात व दुसरीकडे व्यापाराची कोंडी, यांमुळे सक्ती परवडणारी नाही, हे सरकारला कळून चुकले. टी. आर्‌. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय प्लेग आयोगाने १८९८–९९ मध्ये देशभर चौकशी केली. या सुमारास सरकारचे धोरण पालटू लागले. सैनिकांकरवी होणाऱ्या झडत्या मागे पडल्या, घरीच उपचार घेण्यास मुभा मिळाली आणि स्थानिक प्रतिष्ठितांच्या साहाय्यावर भर देण्यात आला.

लस व लोकमत : रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे जन्मलेले वॉल्डेमार हाफकिन हे ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली असता सु. निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग होऊन ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांनाच रोग झाला व ते बरे झाले.

लस टोचल्यावर एकदोन दिवस ताप येई व हात दुखे. नोकरदारास ही गैरसोय सोसण्यासारखी होती. रोजंदारीवरील मजुरास मात्र तो सरळसरळ खाडा होता. लसीला झालेल्या विरोधात धार्मिक शंका व अफवा यांचा भाग होताच. परंतु या मजुरीच्या हिशेबाकडे बहुधा दुर्लक्ष झाले आहे. ज्या ठिकाणी विश्वासातील माणसे पुढे झाली, तेथे चित्र वेगळे दिसले. तिसरे आगाखान सुलतान मुहंमद शाह यांनी हाफकिनना जागा दिली, जाहीरपणे लस टोचून घेतली व त्यामुळे खोजा समाजात लसीचा मोठा प्रसार झाला. १८९८ मध्ये हुबळी येथे गिरणी कामगारांसह शहरातील बहुसंख्य रहिवाशांनी लस घेतली आणि लस न घेतलेल्यांच्या मानाने त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण पुष्कळ कमी राहिले.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. तीच १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली. लसीवरील विश्वासास मोठा तडा मात्र ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात गेला. तेथे एकाच बाटलीतून लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. हाफकिन यांना दोषी धरून निलंबित करण्यात आले. बाटली उघडताना घटनास्थळीच दूषित झाली असावी, हे पुढे मान्य होऊन १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. पण तोवर पंजाबात प्लेगने थैमान घातले होते. केवळ १९०७ या एका वर्षात देशात प्लेगचे बारा लाखांहून अधिक बळी पडले.

रोगाच्या कारणाचा शोध व उपायांचे पुनर्मूल्यन : पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये कराची येथे केलेल्या प्रयोगांवरून उंदरांवरील पिसवा प्लेगचा प्रसार करतात, असे दाखविले. ते मत प्रथम उपेक्षिले गेले. मुंबईत ग्लेन लिस्टन यांच्या निरीक्षणांनी व १९०५ पासून काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाच्या पद्धतशीर प्रयोगांनी त्यास पुष्टी मिळाली. ग्रंथिक प्लेग माणसाकडून माणसाकडे थेट पसरण्याचा संभव अल्प असतो, हे यावरून सिद्ध झाले.

या शोधाच्या प्रकाशात आधीच्या उपायांकडे पाहिल्यास एक विपर्यास दिसून येतो. ज्या उपायांवर सर्वाधिक बळाचा वापर झाला, ते म्हणजे रुग्णाला उचलून नेणे, निकटवर्तीयांना कोंडून ठेवणे व प्रेते तपासणे, हे ग्रंथिक प्लेगच्या बाबतीत सर्वांत कमी उपयोगाचे होते. ज्याला घबराट म्हटले गेले ते घर सोडणे मात्र उपयुक्त होते. धोक्याची खरी ठिकाणे धान्याची गुदामे व उंदरांना थारा देणाऱ्या दाटीच्या चाळी ही होती. गुदामांतील हमाल व तोलणार हे त्या धोक्याच्या सर्वांत जवळ होते. प्रशासनाचे लक्ष त्यांच्या कामाच्या जागेपेक्षा त्यांच्या घरांवर व देहांवर अधिक होते. अर्थात तत्कालीन अधिकाऱ्यांना हे ज्ञान उपलब्ध नव्हते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. त्यांचा दोष अज्ञानाचा नसून, अनिश्चित ज्ञानाच्या आधारे निश्चित सक्ती करण्याचा होता.

घरांच्या प्रश्नाचा विचार १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार न्यासाने (सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) हाती घेतला. नागपाडा व इतर दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्यात आले. परंतु पाडलेल्या खोल्यांच्या मानाने कामगारांना परवडतील अशा नव्या खोल्या अपुऱ्या पडल्या व विस्थापितांची गर्दी शेजारच्या चाळींत झाली. १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७,७६,००६ पर्यंत घटल्याचे आढळले. मात्र १९०६ च्या गणनेत ती पावणेदहा लाखांच्या वर गेली होती. शहर पुन्हा भरले, ते त्याच दाटीने.

इन्फ्ल्यूएंझाची साथ : १९१८ च्या जागतिक इन्फ्ल्यूएंझाचा भारतातील प्रवेशही मुंबई बंदरातूनच झाला. १० जून १९१८ रोजी गोदीवर पहारा करणारे सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. नंतरच्या दहाबारा दिवसांत गोदी, कचेऱ्या व गिरण्या अशा एकामागून एक कामाच्या ठिकाणी रोग पसरल्याचे पालिकेचे आरोग्याधिकारी जे. ए. टर्नर यांनी नोंदविले आहे. सप्टेंबरात आलेली दुसरी लाट फार घातक ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. रोग सर्वांस सारखाच होत असला, तरी मृत्यू सारखा नव्हता. तत्कालीन वर्गवारीनुसार ‘खालच्या जाती’तील हिंदूंमध्ये मृत्यूचे प्रमाण दर हजारी सु. ६१ होते, तर यूरोपीयांत ते सु. ८ होते. त्या वर्षीचे अवर्षण, महागाई, दाटीची घरे व आजारपणातही काम न सोडता येण्याची लाचारी ही या तफावतीची कारणे होत.

प्लेगच्या अनुभवाने सावध झालेल्या सरकारने या वेळी सक्ती टाळली. परंतु सक्तीबरोबर जबाबदारीही टाळली. औषधवाटप, तात्पुरती रुग्णालये व शुश्रूषा यांचा मोठा भार ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या स्वयंसेवी संस्थांनी उचलला. गिरण्यांतील अनुपस्थिती प्रचंड वाढली. आजारपणातील दिवसांची मजुरी मात्र प्लेगच्या वेळेप्रमाणेच बुडाली. जानेवारी १९१९ मध्ये एक लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी केलेल्या सार्वत्रिक संपाचे मुख्य कारण महागाई व मजुरी हे होते. साथीने खंगलेल्या व कर्जात बुडालेल्या कुटुंबांची स्थिती त्यामागे होतीच.

कायद्यातील उत्तरार्ध : कामगाराच्या आजारपणाची जबाबदारी समाजाने उचलावी, हे तत्त्व भारतात रुजण्यास अर्धशतक लागले. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाने अपघात व काही व्यवसायजन्य रोग यांपुरती मालकाची जबाबदारी मान्य केली. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने आजारपणाच्या विम्याचा प्रश्न चर्चिला. १९४४ मध्ये बी. पी. आडारकर यांनी आरोग्यविम्याची योजना सादर केली व तिच्या आधारे १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा अधिनियम संमत झाला. आजारपणाच्या दिवसांत मजुरीचा काही भाग मिळण्याचा हक्क त्याने विमाधारक कामगारांना दिला. त्याच वर्षीच्या कारखाने अधिनियमाने स्वच्छता, वायुवीजन व गर्दी यांविषयी निश्चित मानके घातली. असंघटित क्षेत्रातील बहुसंख्य मजूर मात्र या तरतुदींच्या बाहेर राहिले.

त्याचा प्रत्यय पुढेही आला. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरत येथे फुप्फुसी प्लेगची वार्ता पसरताच कापड व हिरे व्यवसायांतील लाखो स्थलांतरित मजुरांनी शहर सोडले. १३ मार्च २०२० रोजी कोविड–१९ च्या साथीत महाराष्ट्र शासनाने १८९७ चाच अधिनियम लागू केला. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाल्यावर मुंबई-ठाण्यासह अनेक शहरांतून मजुरांचे लोंढे गावाकडे निघाले. पुष्कळ जण पायी गेले. २९ मार्च रोजी केंद्र सरकारने टाळेबंदीतील मजुरी कापू नये, असा आदेश काढला. तो १८ मे २०२० पासून मागे घेण्यात आला. त्याच वर्षी १८९७ च्या अधिनियमात दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांस कडक शिक्षा ठरविण्यात आली. रुग्णसेवा करणाऱ्याच्या कामाच्या जागेची सुरक्षितता या कायद्यात प्रथमच आली, ती मूळ कायद्यानंतर १२३ वर्षांनी.

मूल्यमापन : मुंबईच्या प्लेगवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी, की साथीच्या उपायांना होणारा विरोध हा पुष्कळदा उपायांना नसून त्यांच्या वाटणीला असतो. एका वर्गाचे संरक्षण व दुसऱ्या वर्गाचा खाडा, अशी वाटणी झाली की अफवांना बळ येते. विश्वासातील माणसे, घराजवळचे उपचार व हाती पडणारी मजुरी असली की तोच समाज सहकार्य करतो. दुसरी अशी, की कामाच्या जागेची सुरक्षितता केवळ चुना, कार्बॉलिक वा लस यांनी पुरी होत नाही. आजारी असताना घरी राहण्याची आणि धोका दिसताच दूर जाण्याची ऐपत हाही तिचा आवश्यक भाग होय. १८९७ मध्ये रोजची मजुरी रोज मागणाऱ्या गिरणी कामगारांनी ही गोष्ट आपल्या परीने ओळखली होती. कायद्याने ती अंशतः मान्य करण्यास १९४८ साल उजाडावे लागले.